मागच्या चाकांचा वाटा

ब्रिटनमध्ये मोटारीची खरी परीक्षा गोल चौकात होते. आपल्यासारखंच तिथेही रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालायचं, आणि चौकात आधीच फिरत असलेल्या, म्हणजे उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं. हा नियम १९६६ साली पक्का झाला आणि गोल चौक गावोगावी पसरले. फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या अभियंत्यानं ते आणखी आटोपशीर केले. विल्टशरमधल्या स्विंडन शहरात १९७२ साली त्याच्या कल्पनेतून जो चौक उभा राहिला, त्यात एका मोठ्या वर्तुळाच्या कडेनं पाच छोटे चौक आहेत आणि मधल्या वर्तुळाभोवती वाहनं चक्क उलट्या दिशेनं फिरतात. नवखा माणूस तिथे बिचकतो. रोजचा माणूस मात्र रेडिओ ऐकत पार होतो.

चालकाचं लक्ष इतरांच्या इशाऱ्यांकडे असतं, तेव्हा त्याची गाडी एका वेगळ्याच कामात गुंतलेली असते. चौकात शिरताना ती किंचित डावीकडे वळते, वळसा घेताना उजवीकडे, आणि बाहेर पडताना पुन्हा डावीकडे. प्रत्येक वेळी तिचा भार विरुद्ध बाजूच्या चाकांवर कलतो. चार-पाच सेकंदांत तीन वेळा भाराची अशी ने-आण होते. वेग बेताचा असेल तर काहीच जाणवत नाही. तो थोडा वाढला, रस्ता ओला असला, की पुढच्या चाकांनी चालणारी गाडी आपला स्वभाव दाखवते. स्टिअरिंगचं चक्र आणखी वळवावं तरी नाक बाहेरच्या कठड्याकडे सरकत राहतं. चाकं वळलेली असतात, पण हुकूम पाळायला लागणारी पकड त्यांच्यात उरलेली नसते.

याचं कारण गाडीच्या रचनेत आहे. कॉव्हेंट्रीच्या अल्विस कंपनीनं १९२८ सालीच पुढची चाकं ओढणारी गाडी ब्रिटिश बाजारात आणली होती आणि त्याच वर्षी ल माँच्या शर्यतीत ती आपल्या गटात पहिली आली. पण ही रचना घराघरात नेली ती मिनीनं. २६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी बाजारात आली. अॅलेक इसिगोनिसनं इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली तेलाच्या टाकीतच घातला, आणि अवघ्या दहा फुटांच्या गाडीत चार माणसांची ऐसपैस सोय केली. या मांडणीत जागा वाचते, खर्च वाचतो, आणि बर्फात पुढची चाकं आपल्यावरच्या वजनामुळे घट्ट धरून राहतात. आजही लहान गाड्यांच्या बांधणीत ही मांडणी सगळ्यांत रुळलेली आहे. तिची किंमत वळणावर चुकवावी लागते. गाडीचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन टायरांवर असतं. ओढायचं त्यांनी, वळवायचं त्यांनी, ब्रेक लागल्यावर बहुतेक भारही त्यांनीच घ्यायचा. मागची दोन चाकं नुसती मागून येतात.

या मागच्या चाकांना कामाला लावणारी वस्तू दिसायला अगदी साधी आहे. गजाएवढ्या जाडीची, दोन्ही टोकांना वाकवलेली पोलादाची एक कांब. मधला सरळ भाग दोन बुशांमध्ये गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो आणि वाकवलेली टोकं छोट्या दांड्यांनी डाव्या-उजव्या चाकांच्या भुजांना जोडलेली असतात. ब्रिटनमध्ये तिला अँटी-रोल बार म्हणतात, आपल्याकडच्या गॅरेजमध्ये स्टॅबिलायझर बार. कॅनडातल्या स्टीफन कोलमन याला अशा बारचं पेटंट १९१९ साली मिळालं. दोन्ही चाकं एकदमच वर-खाली झाली तर बार बुशांमध्ये नुसता फिरतो, विरोध करत नाही. वळणावर गाडी कलते, एका बाजूचं चाक वर दबतं आणि दुसऱ्या बाजूचं खाली लोंबतं, तेव्हा मात्र त्याला पीळ बसतो. पिळलेलं पोलाद सरळ व्हायला बघतं, आणि तेवढ्या प्रमाणात गाडीचा कल रोखला जातो.

इथपर्यंतचं ज्ञान मोटारीच्या नादी लागलेल्या कुठल्याही मुलाकडे असतं. गैरसमज सुरू होतो तो यापुढे. बार जाड केला की पकड वाढते, असं सर्रास मानलं जातं. पकड वाढत नाही. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार जाणार, हे गाडीच्या वजनाचा मध्य किती उंचीवर आहे, डाव्या-उजव्या चाकांत किती अंतर आहे आणि वळण किती जोरात घेतलं, यावर ठरतं. बार त्या एकूण आकड्याला जवळपास हात लावत नाही. तो ठरवतो एवढंच, की त्या भारबदलाचा किती हिस्सा पुढच्या जोडीनं सोसायचा आणि किती मागच्या. घरातला थोरला भाऊ एकटाच पोती वाहून थकला असेल तर धाकट्यानं दोन पोती आपल्या पाठीवर घ्यावीत, पोत्यांची संख्या तेवढीच राहते. मागचा बार ताठ केल्यावर नेमकं हेच घडतं.

आणि हे घडून फायदा होतो, याचं मूळ टायरच्या रबरात आहे. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून एका टायरवर खूप आणि दुसऱ्यावर थोडा भार असलेली जोडी, दोघांवर सारखा भार असलेल्या जोडीपेक्षा कमी धरते. मागच्या जोडीत ही विषमता वाढवली की मागची पकड थोडी घटते, पुढच्या जोडीतली विषमता कमी होते आणि पुढची पकड वाढते. गाडीचं नाक वळणात शिरू लागतं. शिवाय पुढचं आतलं चाक जमिनीला अधिक टेकून राहतं. वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दाबल्यावर तेच चाक जागच्या जागी फिरून ताकद वाया घालवतं, ते प्रमाणही कमी होतं. म्हणजे मागच्या टोकाला लावलेली कांब पुढच्या टोकाचं दुखणं हलकं करते. मोटारीच्या यंत्रशास्त्रात याहून सुंदर गोष्टी थोड्याच असतील.

या विचाराला शास्त्राचं रूप देणाऱ्यांत मॉरिस ऑली या ब्रिटिश अभियंत्याचं नाव अग्रभागी आहे. रोल्स-रॉइसमध्ये घडलेला हा माणूस १९३० साली अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला आणि गाडी वळते कशी, याचा त्यानं पद्धतशीर शोध घेतला. नाक बाहेर जाणं आणि शेपूट बाहेर जाणं यांसाठी आज जगभर वापरले जाणारे अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर हे शब्द त्याच्या नावावर आहेत. त्याआधी चालक फक्त म्हणत, ही गाडी बरी चालते, ती वाईट चालते. ऑलीच्या पिढीनं त्या बऱ्या-वाईटाला मोजता येईल असं केलं.

मूळच्या मिनीला मात्र मागे किंवा पुढे कुठेही असा बार नव्हता. अॅलेक्स मोल्टननं तिच्यासाठी स्प्रिंगांऐवजी रबराचे शंकू बनवले होते. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनच्या आपल्या घराच्या आवारात प्रयोग करणारा हा माणूस पुढे लहान चाकांच्या सायकलीसाठीही नावाजला गेला. त्याचे शंकू इतके ताठ आणि गाडी इतकी बुटकी, की फारसं कलणं नव्हतंच. नाक बाहेर जाण्याची खोड तरीही होती, आणि शर्यतीच्या चालकांनी तिच्यावर पायानं इलाज काढला. टिमो मॅकिनेन आणि राउनो आल्टोनेन या फिनलंडच्या चालकांनी डाव्या पायानं ब्रेक आणि उजव्या पायानं अॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबायचं तंत्र वापरलं. ब्रेकमुळे मागची चाकं हलकी होऊन सरकत, इंजिन पुढच्या चाकांना ओढत ठेवी, आणि गाडी वळणात आपोआप फिरे. मॉन्टे कार्लोची रॅली मिनीनं १९६४ साली बेलफास्टच्या पॅडी हॉपकर्कच्या हातून, १९६५ साली मॅकिनेनच्या आणि १९६७ साली आल्टोनेनच्या हातून जिंकली. या दोघा फिनिश चालकांनी डाव्या पायानं मिळवलं ते सामान्य माणसाला मिळावं म्हणून पुढे मिनीच्या मागच्या भुजांमध्ये बार बसवण्याची जोडणी बाजारात आली, आणि ती अजूनही विकली जाते.

नंतरच्या गाड्यांनी कारखान्यातूनच हे शहाणपण उचललं. १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयला मागचा बार होता. वळणात ती आतलं मागचं चाक उचलून धरायची, आणि त्या तीन चाकांवरच्या गोल्फचे फोटो मासिकांनी वर्षानुवर्षं छापले. १९८४ साली आलेल्या प्यूजो २०५ जीटीआयमध्ये बार मागच्या अॅक्सलच्या नळीतच लपवलेला होता. ती गाडी ब्रिटिश तरुणांची लाडकी झाली आणि तिच्याबद्दलची भीतीही तेवढीच पसरली, कारण वळणाच्या मध्यावर घाबरून पाय उचलला की तिची शेपूट झर्रकन बाहेर यायची. नव्वदीच्या दशकातल्या ब्रिटिश टूरिंग कार शर्यतींत तर पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांचा मागचा भाग इतका ताठ केलेला असे, की आतलं मागचं चाक वळणभर हवेतच. १९९५ साली जॉन क्लेलंड व्हॉक्सहॉल कॅव्हलियरमध्ये विजेता ठरला, १९९७ साली आलां मेन्यू रेनो लगूनामध्ये. त्या गाड्या पाहून घरी परतलेल्या किती मुलांनी आपल्या वडिलांच्या गाडीखाली डोकावून पाहिलं असेल!

चाक उचललं जाण्यात एक हिशेबही दडलेला आहे. मागचं आतलं चाक जमिनीवरून सुटलं, की मागच्या जोडीकडे द्यायला आणखी भार उरत नाही. यापुढे बार कितीही जाड करा, कललेल्या गाडीचा उरलेला सगळा भार पुढच्याच जोडीवर येणार. म्हणजे ताठपणाला एक छप्पर आहे, आणि ते गाठल्यावर पैसे खर्चून पदरात फक्त आदळआपट पडते.

त्या मर्यादेच्या अलीकडे मात्र थोड्या बदलानं खूप फरक पडतो, आणि इथे भूमिती मोठी उदार आहे. भरीव बारचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. १९ मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा बार घातला तर डोळ्याला जेमतेम कळणारा फरक, पण ताठपणा जवळजवळ ८० टक्क्यांनी जास्त. पोकळ बारचं गणित आणखी गमतीचं आहे. २२ मिलिमीटर बाहेरचा आणि १४ मिलिमीटर आतला व्यास असेल तर वजन ४० टक्क्यांनी उतरतं आणि ताठपणा मात्र १६ टक्केच कमी होतो, कारण पीळ सोसण्याचं काम मुख्यतः बाहेरचा थर करतो. बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात ती याच गणिताची. जोडदांडी वाकवलेल्या कोपऱ्याच्या जवळच्या भोकात घातली की भुजा आखूड होते आणि बार ताठ होतो. २०० मिलिमीटरची भुजा १८० वर आणली तर टोकाशी जाणवणारा ताठपणा पाव पटीच्या जवळपास वाढतो. पाना फिरवायला दहा मिनिटं लागतात, गाडीचा स्वभाव बदलतो.

बसवण्याचं काम ब्रिटनमध्ये अनेक जण घराच्या दारातच करतात, आणि त्यामागे एक परंपरा आहे. सॉमरसेटमधल्या स्पार्कफर्ड गावच्या जॉन हेन्स यानं १९६६ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट गाडीच्या दुरुस्तीचं पहिलं हेन्स पुस्तक काढलं. खरी गाडी नट-नट सोडवून पुन्हा जोडायची आणि त्या अनुभवावरून पुस्तक लिहायचं, ही त्याची रीत. प्रत्येक कामापुढे एक ते पाच पान्यांची चित्रं छापलेली असत, म्हणजे किती अवघड ते कळावं. महागडी मजुरी न परवडणाऱ्या कुटुंबांना या पुस्तकांनी आधार दिला, आणि त्याहून मोठं म्हणजे आपल्या गाडीखाली शिरायचं धैर्य दिलं.

या कामातला पहिला शत्रू गंज. हिवाळ्यात ब्रिटिश रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून खडे मीठ टाकतात. चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून ते देशभर जातं. तेच मीठ पाण्याबरोबर गाडीच्या पोटाखाली उडतं आणि दहा वर्षांत बोल्ट असे धरतात, की पाना लावला तर डोकंच तुटावं. म्हणून जाणता माणूस आदल्या दिवशीच बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवतो आणि तारेच्या ब्रशनं आटे साफ करतो.

दुसरी गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. गाडीची मागची बाजू उचलली की तीच चाकं हवेत जातात आणि ओढलेला हँडब्रेक निरुपयोगी होतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावणं, गाडी गिअरमध्ये ठेवणं, जमीन सपाट असणं, आणि जॅकवर विसंबून न राहता भक्कम स्टँडवर गाडी टेकवणं, यातलं काहीही वगळता येत नाही. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कुणीही, क्षणभरही, शिरू नये.

मग बुश. पॉलियुरेथेनचे बुश रबरापेक्षा कडक, आणि त्यांना त्यांच्यासोबत येणारं ग्रीसच लागतं. रबराला साधं खनिज तेलाचं ग्रीस फुगवतं. ब्रॅकेट आवळल्यावर, जोडदांड्या लावण्याआधी, बार हातानं फिरवून पाहायचा असतो. तो अडकत असेल तर गाडी चालवताना प्रत्येक धक्क्याला झगडेल, आणि भोकांचं सगळं गणित फुकट जाईल.

सगळ्यांत नाजूक काम शेवटी येतं, आणि तेच घाईत उरकलं जातं. जोडदांड्या जोडताना मागची दोन्ही चाकं एकाच उंचीवर हवीत, आणि शक्यतो गाडीचं वजन त्यांच्यावर हवं. म्हणून चाकांखाली उताराचे ठोकळे घेऊन हे काम करतात. एक चाक खाली आणि एक वर असताना बोल्ट ठोकून बसवला, तर बारमध्ये कायमचा पीळ राहतो. गाडी उभी असतानाही तो एका बाजूला उचलतो, दुसऱ्या बाजूला दाबतो. अशी गाडी डाव्या वळणात एक आणि उजव्या वळणात दुसरंच वागते, आणि दोष कशात आहे ते चालकाला महिनोन्‌महिने सापडत नाही. लांबी बदलता येणाऱ्या जोडदांड्या यासाठीच असतात. दोन्ही बाजूंना बोल्ट बोटांनी सहज सरकला, की बार मोकळा आहे. यानंतर ब्रेकची नळी, सायलेन्सरचा पाइप, टायरची आतली बाजू, यांपासून बार सगळ्या हालचालीत दूर राहतो ना, हे पाहायचं. कित्येक लहान गाड्यांना मागे स्वतंत्र भुजा नसून पिळता येणारी एकच आडवी तुळई असते. तिथे बार तुळईलाच बोल्टांनी जोडतात, तत्त्व तेच.

जुळवणी हे बसवण्यापेक्षा मोठं काम. आधी चारही टायरांची हवा, कारण दोन-चार पौंडांच्या फरकानं बारच्या एका भोकाएवढा बदल घडू शकतो. मग सगळ्यांत मऊ भोकापासून सुरुवात, एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येकाची वहीत नोंद. आठवण दगा देते. जो बदल मेहनतीनं केला तो चांगलाच वाटतो, ही माणसाची खोड आहे, आणि वही तिला आवर घालते. चाचणीची जागा सार्वजनिक रस्ता नव्हे. लिचफील्डजवळच्या कर्बरोसारखा छोटा मार्ग किंवा कॅसल कूमसारखं सर्किट यासाठी आहे, आणि घसरण शिकवणारे ओले पट्टेही ब्रिटनमध्ये भाड्यानं मिळतात.

कोरड्या दिवशी मागचा बार ताठ केलेली गाडी चालवणं हा खरोखर आनंद आहे. चक्र वळवल्याबरोबर नाक आत येतं, गाडी हलकी आणि तरतरीत वाटते, आणि चालकाला आपण अधिक चांगले चालक झालो असा भास होतो. धोका याच भासात आहे. ओल्या रस्त्यावर एकूण पकडच कमी, त्यात मागची आपण मुद्दाम घटवलेली. वळसा घेताना समोरच्यानं अचानक ब्रेक मारला, चालकानं दचकून पाय उचलला, भार पुढे गेला, मागची चाकं हलकी झाली, आणि गाडी पाठमोरी फिरली. कारखाने रस्त्यावरच्या गाडीला जाणूनबुजून थोडी नाक बाहेर जाणारी ठेवतात ते यासाठीच. नाक बाहेर जाऊ लागलं की घाबरलेला माणूस पाय उचलतो, आणि त्या रचनेत तोच योग्य उपाय ठरतो. चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीची झाली. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत ती नाही, आणि हौशी लोकांच्या दारात उभ्या असतात त्या नेमक्या अशाच जुन्या गाड्या.

कारखान्यातला माणूस काही बेफिकीर नसतो, हे हौशी लोक विसरतात. वेल्सचा रिचर्ड पॅरी-जोन्स फोर्डमध्ये गाड्यांच्या वागणुकीचा प्रमुख न्यायाधीश होता. पहिल्या पन्नास मीटरमध्ये गाडी ओळखता आली पाहिजे, असं तो मानायचा. चक्र, ब्रेक, पेडल आणि बैठक यांच्या पहिल्या स्पर्शातच तिची जात कळते, अशी त्याची खात्री होती. १९९८ च्या फोर्ड फोकसला मागे अनेक भुजांची स्वतंत्र रचना मिळाली. त्या वर्गातल्या बहुतेक स्पर्धकांना साधी पिळणारी तुळई होती. पुढच्या वर्षी युरोपची सर्वोत्तम मोटार म्हणून फोकसची निवड झाली, आणि सामान्य कुटुंबाची गाडीही वळणात सुख देऊ शकते, हे ब्रिटिश ग्राहकाला पटलं. अशा माणसांनी महिनोन्‌महिने खपून ठरवलेला बार बदलताना निदान त्यांनी तो तसा का ठेवला, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

मराठी वाचकाला हा प्रश्न जवळचा वाटेल अशी एक गाडी ब्रिटनच्या रस्त्यावर खरोखर फिरली आहे. पुण्याजवळ पिंपरीत टाटांनी निसानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सोडवून आणून, पुन्हा उभा केला आणि १९९८ च्या अखेरीस इंडिका बाजारात आणली. पुढची चाकं ओढणारी, पाच माणसं आणि त्यांचं सामान घेऊन कोल्हापूरला जाऊन येणारी गाडी. २००३ साली हीच गाडी सिटीरोव्हर या नावानं ब्रिटनला निघाली. लाँगब्रिजच्या एमजी रोव्हरनं तिची उंची कमी केली, स्प्रिंगा आणि शॉकअॅब्झॉर्बर तिथल्या रस्त्यांना जुळतील असे ठरवले. किंमत सुमारे साडेसहा हजार पौंडांपासून सुरू होत होती, आणि समीक्षकांनी तिची किंमत आणि आतली बांधणी या दोन्हींवर कठोर टीका केली. टॉप गिअर या दूरचित्रवाणी कार्यक्रमाला कंपनीनं चाचणीसाठी गाडी दिली नाही, तेव्हा त्याचा सादरकर्ता जेम्स मे लपवलेला कॅमेरा घेऊन ग्राहकासारखा शोरूममध्ये गेला. त्याचं मत वाईटच पडलं. एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर कोसळली आणि सिटीरोव्हरही संपली.

त्या गाडीबद्दल एवढं तरी न्यायानं म्हटलं पाहिजे, की तिचा मूळ मऊपणा हा दोष नव्हता. भरलेल्या गाडीनं खड्ड्यातून, रस्त्याच्या तुटलेल्या कडेवरून, गतिरोधकावरून जायचं, तर प्रत्येक चाकाला आपापलं वर-खाली होता आलं पाहिजे. ताठ बार एका चाकाचा धक्का दुसऱ्या चाकाला पोचवतो. पिंपरीच्या अभियंत्यानं आणि लाँगब्रिजच्या अभियंत्यानं एकाच सांगाड्याला दोन वेगळी उत्तरं दिली, आणि दोघेही आपापल्या रस्त्याला प्रामाणिक होते. २००५ सालीच टाटांनी वॉरिक विद्यापीठात आपलं तंत्रकेंद्र उघडलं, २००८ साली जॅग्वार लँड रोव्हर त्यांच्याकडे आली, आणि पुणे व कॉव्हेंट्री यांच्यातली ये-जा नेहमीची झाली. तिथे नोकरीला गेलेल्या एखाद्या मराठी तरुणानं जुनी हॅचबॅक घेऊन तिला मागचा बार लावला, तर त्यात नवल नाही. पुण्याच्या घरी असलेल्या गाडीला मात्र तोच बार लावावा, असं त्यानं भावाला सुचवू नये. तिथला खड्डा वेगळा आहे, आणि मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांवर बंधन घालतं.

ब्रिटनमध्ये कायदा मोकळा आहे, पण बेपर्वा नाही. एमओटीची वार्षिक तपासणी १९६० साली सुरू झाली. तेव्हा ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी होती, १९६७ पासून तीन वर्षांवर आली. तपासनीस बार घट्ट बसला आहे का, बुश झिजले आहेत का, जोडदांड्या खुळखुळतात का, हे पाहतो आणि दोष गंभीर असेल तर गाडी नापास करतो.

ब्रिटनमध्ये हे काम हाती घेणाऱ्या मराठी वाचकाला सांगायचं ते एवढंच. मूळ बारपेक्षा एक पायरी जाड बार घ्या, तो सगळ्यांत मऊ भोकात बसवा, आणि रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत तिथेच राहू द्या. ताठ भोकं सर्किटच्या दिवसासाठी आहेत, घरी निघण्याआधी दांड्या परत मऊ भोकात आणा. मागचे टायर झिजलेले असतील तर बारच्या आधी ते बदला. शंभरेक मैल झाल्यावर सगळे नट टॉर्कच्या पान्यानं पुन्हा तपासा. आणि विमा कंपनीला आधी कळवा. २०१२ च्या कायद्यानुसार विमा घेताना विचारलेल्या प्रश्नांची काळजीपूर्वक आणि खरी उत्तरं देण्याची जबाबदारी ग्राहकावर आहे, आणि बार लपवून ठेवला तर अपघातानंतर भरपाई कमी होऊ शकते किंवा नाकारलीही जाऊ शकते.